उजव्या बाजूला जागा दाखवल्याबद्दल

आदरणीय श्री. विली ओ'री यांस,
कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र मराठीत असल्यामुळे ते आपल्या वाचनात येण्याचा संभव जवळजवळ नाही, याची मला कल्पना आहे. तरीही ज्या भाषेत मी माझ्या दुखण्याला कोसले, त्याच भाषेत आपले आभार मानावेत असे वाटले, आणि ते चार मराठी माणसांसमोर मानावेत असेही वाटले, कारण आमच्याकडे आइस हॉकी फारसे कुणी पाहत नाही आणि आपले नाव तर बहुतेकांच्या कानावरूनही गेलेले नाही.

2021 च्या मे महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण नजर परत आली नाही. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही हे डॉक्टरांनी सांगितले होते. ते म्हणजे काय, हे मात्र मला ओट्यापाशी कळले. पातेल्यातला चहा मी गाळण्यावर ओतते आहे अशा समजुतीने कपाच्या दोन बोटे अलीकडे, सरळ ओट्यावर ओतला. बोस्टनजवळच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये पिपेटने थेंब सोडावे लागतात, आणि त्या खळग्यांच्या कडांवर पिपेटचे टोक इतक्यांदा आपटू लागले की नोकरी सोडण्याचे पत्रही मी लिहून ठेवले होते.

अशातच 18 जानेवारी 2022 ची संध्याकाळ आली. मी कणीक मळत होते आणि मुलगा टीव्हीवर बोस्टनच्या आइस हॉकी संघाचा, ब्रुइन्सचा, सामना पाहत होता. सामन्याआधी आपल्या सन्मानार्थ आपल्या जर्सीचा 22 क्रमांक स्टेडियमच्या छताला चढवण्याचा समारंभ झाला. महामारीमुळे आपण सॅन डिएगोहून पडद्यावरच हजर होता. आपण 1958 साली याच तारखेला, वयाच्या 22 व्या वर्षी, एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगमध्ये, खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरलात, हे सगळ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. मग कुणीतरी ओघात म्हणाले की त्या वेळी आपल्याला उजव्या डोळ्याने दिसत नव्हते. माझे हात परातीतच थांबले.

त्यानंतर कित्येक दिवस मी आपल्याविषयी मिळेल ते वाचत सुटले. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधील फ्रेडरिक्टन गावी 1935 साली जन्मलेला, मोठ्या कुटुंबातला हा धाकटा मुलगा. ज्युनियर हॉकी खेळत असताना, 1955-56 च्या हंगामात, दिशा बदलून आलेली रबरी चकती उजव्या डोळ्यावर बसते आणि त्या डोळ्याची सुमारे 95 टक्के दृष्टी जाते. डॉक्टर सांगतात की आता खेळ विसरा. आपण काही आठवड्यांतच बर्फावर परतलात आणि अगदी जवळच्या एक-दोघांखेरीज ही गोष्ट कुणालाही कळू दिली नाहीत, कारण एका डोळ्याने न दिसणाऱ्याला एनएचएलमध्ये खेळायला नियमानेच मनाई होती.

एनएचएलमधली आपली एकूण कमाई 45 सामन्यांची: 1958 साली दोन, 1960-61 च्या हंगामात 43, आणि त्यांत चार गोल. शिकागोत प्रतिस्पर्ध्याने स्टिकचा दांडा मारून आपले पुढचे दोन दात पाडले व नाक मोडले, तेही याच हंगामात. पुढे ब्रुइन्सनी आपल्याला मॉन्ट्रियलला दिले, मॉन्ट्रियलने खालच्या लीगमध्ये धाडले आणि 1961 सालीच आपण वेस्टर्न हॉकी लीगमधल्या लॉस एंजेलिस ब्लेड्सकडे विकले गेलात. एनएचएलचे दार पुन्हा उघडले नाही. क्यूबेक, हल, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, मध्येच एक हंगाम न्यू हेवन: विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. लोक आपल्याला त्या पहिल्या सामन्यासाठी मान देतात आणि तो द्यायलाच हवा. पण माझ्यापुरते सांगायचे तर मला जे मिळाले, ते या पाठीवरच्या बिऱ्हाडातून मिळाले.

लॉस एंजेलिसला प्रशिक्षक आल्फ पाइक यांनी आपल्याला डाव्या विंगवरून, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेवरून, उजव्या विंगवर खेळायला लावले, हा तपशील बहुतेक लेखांत एखाद्या वाक्यात उरकलेला असतो. मी मात्र तो वाचून कागदावर मैदान काढले. डाव्या कडेने धावणाऱ्याला सगळा खेळ उजव्या हाताला असतो, म्हणजे आपल्या अंध डोळ्याच्या बाजूला; प्रत्येक पास घेण्यासाठी मान पूर्ण वळवायची, आणि वळवली की समोरून येणारा धक्का दिसायचा नाही. उजव्या कडेला गेल्यावर उजवीकडे फक्त मैदानाभोवतीची फळी उरली आणि सगळा खेळ चालत्या डोळ्यासमोर आला. पुढे आपण 1964-65 मध्ये 38 आणि 1968-69 मध्ये पुन्हा 38 गोल केलेत.

प्रयोगशाळेत माझ्या टेबलाची उजवी बाजू ये-जा करण्याच्या वाटेला लागून होती. कुणी जवळून गेले की मी दचकत असे, आणि हातातली प्लेट हलत असे. दुसऱ्या आठवड्यात मी वरिष्ठांना भेटले, डोळ्याची हकिकत प्रथमच सांगितली आणि भिंतीलगतचे टोकाचे टेबल मागितले, जिथे उजवीकडे भिंत आहे आणि माणसे डावीकडून येतात. ते मिळाले. पिपेटचे टोक खळग्याच्या कडेला आधी टेकवून मगच आत उतरवायचे, ही सवयही तिथेच लागली. राजीनाम्याचे पत्र मी फाडून टाकले.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. आपण डोळा लपवलात, त्याचे अनुकरण करावे असे मला वाटत नाही. हेल्मेटही क्वचित घातले जाई अशा काळात, उरलेला एकुलता डोळा घेऊन आपण बर्फावर उतरत होता, हे वाचताना आजही माझ्या पोटात गोळा येतो. आपल्यासमोर नियम होता, वर रंगाचा प्रश्न होता, आणि खरे बोलणे म्हणजे घरी परतणे होते. माझ्यासमोर तसे काही नव्हते. मी उगाचच आठ महिने गप्प राहिले.

आपण 1978-79 च्या हंगामात, वयाच्या 43 व्या वर्षी, सॅन डिएगो हॉक्सकडून खेळून स्केट्स उतरवलेत. त्यानंतरची वर्षे कुणी फारशी रंगवून सांगत नाही, कारण त्यांत टाळ्या नाहीत. आपण पोटासाठी साध्या नोकऱ्या केल्यात, कोरोनाडोच्या हॉटेलात सुरक्षारक्षकाचे कामही केलेत. 1998 साली, साठी उलटल्यावर, एनएचएलने आपल्याला मुलांपर्यंत खेळ नेण्याच्या कामासाठी बोलावले आणि आपण पुन्हा गावोगाव फिरू लागलात, या खेपेला ज्यांच्या घरात कुणी कधी स्केट्स घातले नव्हते अशा मुलांसाठी. 2018 मध्ये हॉकीतल्या मानकऱ्यांच्या हॉल ऑफ फेमने आपल्याला घेतले, तेही खेळाडू म्हणून नव्हे, तर खेळ उभारणाऱ्यांच्या वर्गात.

माझा मुलगा एका साध्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, खेळतो. तिथे मी बाकाच्या अगदी उजव्या टोकाला बसते, म्हणजे सगळा बर्फ डावीकडे येतो. जागा कुणी आधीच अडवली असेल, तर मी कारण सांगून मागून घेते. आणि चहा आता कपातच पडतो. पातेल्याची कड गाळण्याला टेकवली की झाले.

आपल्या प्रकृतीस आराम असो. कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
बोस्टनजवळची एक मराठी आई