यकृतातली गाठ : आधी प्रकार विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी करावी आणि अहवालात यकृतातल्या गाठीचा उल्लेख निघावा, असे पुष्कळांच्या बाबतीत घडते. मग सगळ्या घराची झोप उडते. या धास्तीतले बरेचसे दुःख टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

कर्करोग नसलेल्या, साध्या गाठी यकृतात सर्रास आढळतात. त्यांत पहिला क्रमांक हिमॅन्जिओमाचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या गुंत्याचा. साधारण 100 जणांत 5 जणांना ती असते; शवविच्छेदनाच्या काही पाहण्यांत तर हे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत गेले आहे. बहुतेकांना ती असल्याचे जन्मभर कळतही नाही. तिचा कर्करोग होत नाही. त्याखालोखाल येते फोकल नोड्युलर हायपरप्लासिया, म्हणजे यकृताच्याच पेशी एका जागी वाढून झालेली गाठ. ती प्रामुख्याने स्त्रियांत दिसते आणि तिलाही सहसा उपचार लागत नाहीत.

ॲडिनोमाची गोष्ट मात्र वेगळी. ही गाठ दुर्मीळ, पण ती फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि क्वचित तिचे रूपांतर कर्करोगात होते. गाठ 5 सेंटिमीटरहून मोठी असली की हा धोका वाढतो. पुरुषांत कर्करोगाची शक्यता जास्त, म्हणून त्यांच्यात ती लहान असली तरी काढून टाकण्याचा सल्ला देतात. ही गाठ होण्याची कारणे बरीचशी ठाऊक आहेत : इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या वर्षानुवर्षे घेणे, शरीर कमावण्यासाठी घेतलेली ॲनाबॉलिक स्टेरॉइड, लठ्ठपणा आणि ग्लायकोजेन (शरीरातली साठवणीची साखर) साठण्याचे काही आनुवंशिक आजार. गोळ्या घेणाऱ्या बहिणींनी यामुळे घाबरून जाऊ नये. दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या लाखभर स्त्रियांमागे वर्षाला तीन-चार जणींनाच ही गाठ होते आणि गोळ्या थांबवल्यावर ती अनेकदा आक्रसते. मला खरी काळजी वाटते ती व्यायामशाळेतल्या तरुणांची. पिळदार दंडांसाठी ही मुले स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात आणि घरी अवाक्षर काढत नाहीत.

ज्यांना हिपॅटायटिस बी किंवा सी, सिऱ्होसिस (यकृत निबर होण्याचा आजार) आहे किंवा पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे, त्यांनी मात्र कोणतीही गाठ साधी समजून सोडून देऊ नये. इतरांतही सोनोग्राफीने उलगडा झाला नाही, तर कॉन्ट्रास्ट (गाठ ठळक दिसावी म्हणून शिरेतून दिलेले औषध) देऊन केलेल्या एमआरआयने बहुतेक वेळा गाठीचा प्रकार कळतो.

डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे : अहवाल हातात देताना ही गाठ कोणत्या प्रकारची वाटते, हे रुग्णाला साध्या शब्दांत सांगा. आणि गोळ्या व इंजेक्शनांची चौकशी त्याला एकट्याला बसवून करा. घरच्यांसमोर तो खरे सांगणार नाही.

आपला,
एक वाचक