नसा 'कमजोर' होत नाहीत, संपादक साहेब

माननीय संपादक, स.न.वि.वि.

कालच्या शेती पुरवणीत फवारणीच्या विषबाधेवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. म्हणे विषानं नसा कमजोर होतात, दूध प्या, पौष्टिक खा. अहो, कमजोर कसल्या, उलट नसांचा निरोप थांबतच नाही! नस स्नायूला निरोप देते तो मधल्या बारीक फटीत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडून, आणि काम झालं की एक एन्झाइम ते लगेच तोडतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही फवारणीची कीटकनाशकं नेमकं त्या एन्झाइमलाच बंद पाडतात. बेलचं बटण आत अडकून बसावं तशी गत.

माझ्या धाकट्या भावाचं झालं ते सांगतो. खांद्याएवढी पऱ्हाटी म्हणजे कपाशी, पाठीवर फवारणीचा चायना पंप, गळतीनं शर्ट ओला. संध्याकाळी लाळ गळायला लागली, घाम, उलट्या, पोटरीचं मांस कातडीखाली वळवळताना दिसत होतं. जवळच्या दवाखान्यात ऊन लागलंय म्हणून सलाईन लावली आणि तो ओला शर्ट तसाच अंगावर, विष कातडीतूनही आत जातं हे कुणाच्या ध्यानातच नाही! जिल्ह्याला नेल्यावर डॉक्टर मॅडमनी आधी टॉर्च मारून डोळे बघितले, बाहुल्या एकदम बारीक, नाडी मंद. लगेच कपडे उतरवून अंग साबणानं धुवायला लावलं आणि अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. ते विष काढत नाही, निरोप पोचतो ती जागा अडवतं, म्हणून छाती मोकळी होईस्तोवर देत राहावं लागतं. एन्झाइम सोडवणारं प्रालिडॉक्सिम वेगळं, त्याला उशीर झाला की फारसा उपयोग नाही. आणि तुम्ही दूध सांगता?

नाडी मंद का, तर हृदयालाही हाच निरोप जातो आणि तिथं तो ठोके मंद करतो. ऑटो लोवी या शास्त्रज्ञानं १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर हे दाखवून दिलंय, शंभर वर्षं झाली त्याला.

२०१७ ला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं इतकी माणसं गेली तेव्हाही 'शेतकऱ्यांचा निष्काळजीपणा' हेच छापून आलं होतं. सप्टेंबरच्या दमट उकाड्यात रबरी हातमोजे, मास्क घालून दिवसभर फवारून बघा एकदा.

आणि हो, त्याच लेखाखाली अर्धं पान कीटकनाशकाची जाहिरात, शेतकरी उघड्या हातानं पंप धरून हसतोय. निदान हंगाम संपेपर्यंत तरी त्या जाहिरातीच्या वर विषबाधेची लक्षणं आणि अ‍ॅट्रोपिनचं नाव ठळक अक्षरात छापा.

आपला,
एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ