बोग म्हणजे काय, सांग संज्या

प्रिय संज्या,

परवा तू पाठवलेला तो लांबलचक मेसेज वाचला, युरोपच्या सगळ्या भाषा संस्कृतच्या पोटातून निघाल्या वाला. खाली तू स्वतःची ओळ टाकलीयेस, "वाच आणि तुझ्या गोऱ्यांना दाखव". अरे, सिद्धतेत एक पायरी गाळली म्हणून पोरांचा अर्धा मार्क कापणारा माणूस तू, आणि इथे "बुक हा शब्द भूर्जपत्रावरून आला आणि रशियन लोक देवाला बोग म्हणतात तो आपला भगवान" हे वाचून सरळ पुढे ढकललंस? मी चिडून उत्तर टाईप करायला घेतलं होतं, मग थांबलो, कारण त्या दोनातलं पहिलं चुकीचं असलं तरी दुसरं बऱ्यापैकी खरं आहे, आणि हा बोग इथे आल्यापासून माझ्या मागे लागलाय. व्हॉट्सॅपवर मावणार नाही म्हणून पत्र. चहा घेऊन बस.

इथे डेन्मार्कात, ऑर्हूसला आलो त्या पहिल्या आठवड्यात दुकानांच्या पाट्या वाचत फिरायचो, भाषा शून्य. एका दुकानावर मोठ्या अक्षरात 'बोगहँडल'. आत सगळी पुस्तकं. म्हणजे बोग म्हणजे पुस्तक, हा माझा पहिला डॅनिश शब्द, जाम खुश. सोमवारी ऑफिसात तो मोठ्याने म्हणून दाखवला तर दोन गोष्टी झाल्या. डॅनिश पोरगा म्हणाला की असं नाही रे, 'बोउ' म्हणायचं, ग उच्चारायचाच नाही, आणि शेवटी घशात एक छोटा झटका द्यायचा, जणू उचकी येता येता राहिली. आणि शेजारची आयरिश बाई टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. तिच्या इंग्रजीत बोग म्हणजे संडास. म्हणजे मी सगळ्यांना उत्साहाने सांगत होतो की काल मी संडासाच्या दुकानात दोन तास होतो आणि फार प्रसन्न वाटलं.

नंतर कळलं की संडास हा त्या शब्दाचा खालच्या दर्जाचा अर्थ, खरा अर्थ दलदल. आणि तोही इंग्रजीचा स्वतःचा नाही, गेलिकमधून, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतून घेतलेला, तिथे बोग म्हणजे मऊ. पाय ठेवला की दबते अशी जमीन, म्हणून बोग. ती बाई वैतागलेल्या माणसाला आयरिशमध्ये म्हणते, "टोग गो बोग ए", मऊपणाने घे, म्हणजे आपलं "जरा दमानं घे". आणि मजा बघ, खुद्द आयरिश भाषेत दलदलीला बोग म्हणत नाहीत, तिथला शब्द 'पोर्टाख' आहे.

इथपर्यंत दोन झाले. तिसरा मला मटणाच्या काउंटरवर भेटला. कोपनहेगनहून पूल ओलांडून मालमोला गेलो होतो, २००० साली झालेला तो ओरेसुंड पूल, ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासात तू स्वीडनमध्ये. तिकडच्या सुपरमार्केटात फ्रीजमध्ये एक पॅकेट, वर छापलेलं 'लामबोग'. तोवर माझं डॅनिश बऱ्यापैकी झालेलं, त्यामुळे डोक्यात सरळ उतरलं, 'कोकराचं पुस्तक'. मी पॅकेट उलटंपालटं करतोय, रेसिपीचं पुस्तक फुकट आहे का बघतोय, शेवटी बायको म्हणाली, अहो, खांदा आहे तो. स्वीडिशमध्ये बोग (ते 'बूग' म्हणतात) म्हणजे जनावराचा पुढचा खांदा, आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक सुद्धा, म्हणजे बोटीचे पण ते खांदेच.

आता गणिताच्या मास्तरा, इकडे लक्ष दे. हा खांद्याचा बोग म्हणजे आपला बाहु. नुसता आवाज जुळतो म्हणून नाही म्हणत, आवाज तर जुळतच नाही, तेच तर सांगतोय. संस्कृत आणि युरोपच्या या भाषा ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, तिच्यातला मूळ शब्द साधारण 'भाघु' असा धर. जर्मन-स्वीडिश-इंग्रजी घराण्यात भ चा ब होतो आणि घ चा ग, म्हणून बोग. संस्कृतात अशा घ चा पुष्कळदा ह होतो, जसा आपला हंस आणि जर्मन 'गान्स'. मग संस्कृतात 'भाहु' व्हायला पाहिजे ना, बाहु का? तर एका शब्दात लागोपाठ दोन महाप्राण (भ, ध, घ, ह असे हवा सोडून म्हणायचे वर्ण) आले की पहिल्याची हवा जाते. शाळेत जोशी बाईंनी घोकून घेतलेलं आठव, भू चं बभूव होतं, भभूव नाही. धा चं दधाति, धधाति नाही. तोच नियम. आपण तो पाठ केला आणि विसरलो, आणि इथे तो माझ्या हातात मटणाचं पॅकेट होऊन आला. झाडाच्या फांदीला इंग्रजीत जो 'बाउ' म्हणतात तो पण याच घरातला, आणि तू शर्टाची जी बाही दुमडून फळ्याकडे वळतोस ती पण.

हा दोन महाप्राणांचा नियम ज्याच्या नावावर आहे तो माणूस तुला आवडेल, नव्हे तुला तो माहीतच आहे. हेरमान ग्रासमान. हो, तोच, लिनिअर अल्जेब्रावाला. श्टेटिन गावात शाळामास्तर होता. १८४४ साली त्याने गणितावरचं मोठं पुस्तक काढलं, कोणी ढुंकून पाहिलं नाही, युनिव्हर्सिटीत जागा मिळाली नाही ती नाहीच. मग बाबा संस्कृतकडे वळला. १८६३ साली हा नियम मांडला, आणि पुढे ऋग्वेदाचा अख्खा शब्दकोश केला, शाळेचे तास सांभाळून. तुला पेपर तपासून झाल्यावर झोप येते फक्त.

श्टेटिन आता पोलंडमध्ये आहे, श्चेचिन म्हणतात. आणि आमच्या टीममधला पोलिश पोरगा नेमका तिथलाच. त्याच्याकडून मला चौथा बोग मिळाला, तुझ्या मेसेजवाला. रशियन, बल्गेरियन, सर्बियन, सगळीकडे देव म्हणजे बोग, किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी. झाग्रेबकडे तर लोक रस्त्यात भेटल्यावर नुसतं "बोग" म्हणतात, आपल्या राम रामसारखं. पोलिशमध्ये लिहितात तसंच, पण उच्चार ऐकलास तर उडशील, 'बुक'! अगदी इंग्रजी पुस्तकासारखं. म्हणजे आमच्या कॅन्टीनच्या एका टेबलावर डॅनिश माणूस बोग लिहितो तेव्हा ते पुस्तक असतं, आणि पोलिश माणूस बुक म्हणतो तेव्हा तो देव असतो, आणि आयरिश बाईला दोन्ही वेळा हसू येतं. त्यात भर म्हणजे पोलिशमध्ये बीच नावाच्या झाडाला पण 'बुक' म्हणतात, लिहिताना वेगळं पण ऐकायला तंतोतंत तेच, आणि त्यांच्या पूर्वेच्या हद्दीवरची बुग नदी, तिचा उच्चार पण बुकच. देव, झाड, नदी. आपल्याकडे असतं तर तिथे एव्हाना जत्रा भरली असती. सर्व्हर पडला की तो पोरगा कपाळाला हात लावून "बोझे!" म्हणतो. मी विचारलं हे बोझे काय, तर बुकचं संबोधन. त्यांच्यात अजून आठवी विभक्ती शाबूत आहे रे! आपण "देवा!" म्हणतो ना, तस्सं.

तर हा बोग आणि आपला भगवान. इथे तुझ्या मेसेजला पाचपैकी तीन मार्क देतो. नातं आहे, पण थेट भगवानशी नाही, त्यातल्या 'भग'शी. भग म्हणजे वाटा, हिस्सा, नशिबात आलेलं. भाग, भाग्य, विभागणी, भक्त, सगळे भज् धातूवरचे, वाटणे. ऋग्वेदात भग नावाचा आदित्यच आहे, सातव्या मंडलात त्याचं सूक्त आहे, सकाळी उठून त्याच्याकडे वाटा मागायचा. पुढे दक्षाच्या यज्ञात रुद्राने ज्याचे डोळे काढले तो हाच. नशीब वाटणारा आंधळा, जमीन मोजणीच्या ऑफिसात तू जे भोगलंस त्यावरून तुला पटेल. ज्याच्याकडे भग तो भगवान. इराणात 'बग' म्हणजे देव, तिथला जुना सम्राट दारयवहू, त्याच्या शिलालेखांत आहे. स्लाव लोकांनी, म्हणजे या रशियन-पोलिश-सर्बियन मंडळींच्या पूर्वजांनी, तो इराणी टोळ्यांकडून उचलला की त्यांचा स्वतःचाच वडिलोपार्जित आहे यावर पंडितांचं भांडण चालू आहे. पण त्यांच्या भाषेत वाटणीची खूण अजून दिसते. रशियन 'बोगाती' म्हणजे श्रीमंत, ज्याला वाटा मिळाला तो. 'उबोगी' म्हणजे गरीब, ज्याचा वाटा गेला. पोलिश 'झ्बोझे' म्हणजे धान्य आणि तोच शब्द चेकमध्ये 'झ्बोझी', म्हणजे दुकानातला माल. आपलं धन आणि धान्य आठवलं की नाही?

आणि हे ऐक. त्या पोराच्या काकाचं नाव बोगदान. बोग आणि दान, देवाने दिलेला. मी त्याला म्हणालो, थांब, महाभारतात तुमचा एक माणूस आहे. प्राग्ज्योतिषपूरचा राजा, हत्तीवर बसून अर्जुनाशी लढलेला म्हातारा, भगदत्त. तेच नाव रे, भग आणि दत्त! आणि बगदादचं नाव पण बहुतेक जण याच जोडीने फोडतात, बग आणि दाद, इराणी पद्धतीने. पोरगा पाच मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, काकाला सांगतो, पण हत्तीचं आधी सांगतो.

आता तुझा तो बुक आणि भूर्ज. तिथे शून्य. इंग्रजी बुक, डॅनिश बोग, जर्मन बुख, हे बहुतेक त्या बीच झाडावरून आले, पूर्वी त्याच्या फळ्यांवर कोरत असावेत म्हणून. पोलिश लोकांनी झाडाचं नाव जर्मनांकडूनच घेतलं, म्हणून ते 'बुक'. भूर्ज वेगळं झाड, आणि त्याचा खरा भाऊ इंग्रजीत 'बर्च' आहे, नियमाने जुळतो, झाड पण तेच. मेसेज लिहिणाऱ्याला शेजारी उभा असलेला सख्खा भाऊ दिसला नाही आणि त्याने भलत्याच घरात जाऊन सोयरीक केली. माझी तक्रार एवढीच आहे. चार बोग एका साच्यातले दिसतात, आणि पुस्तक, दलदल, खांदा, देव, एकमेकांचे कोणी कोणी नाहीत. आणि बाहु आणि बोग, ज्यांचं तोंड जुळत नाही, ते सख्खे. तुझ्या मेसेजवाल्याला फक्त तोंड दिसतं. (मला पण मोह होतो. उपासाची भगर बघून एक दिवस वाटलं, भग, भगर, झ्बोझे, धान्य! दोन दिवस त्या नादात होतो. पुरावा शून्य, सोडून दिलं. भोग पण भग मधला नाही, भुज् मधला आहे, आणि बोगद्याचं तर नावच काढू नको.)

उपासावरून आठवलं, इथे 'बोग' लिहिलेलं पीठ मिळतं, 'बोगव्हेदे'. बायकोला म्हणालो पुस्तकी गहू आणलाय. ते निघालं कुट्टू. दाणा बीचच्या बीसारखा तीन कोनांचा असतो म्हणून 'बीच-गहू'. तिने त्याची थालीपीठं लावली, काळपट झाली, पण तव्यावर लोणी सोडल्यावर चालली. तुझी आई शेंगदाण्याचं कूट घालायची तसं घातलं तर बांधणी येते का, विचारून सांग.

एक शेवटचं, मग आवरतो. त्या आयरिश बाईने सांगितलेलं. २००६ च्या जुलैमध्ये टिपेररी भागात दलदलीतलं पीट (जळणाला वापरतात ती कुजक्या झाडपाल्याची माती) खणताना मशिनवाल्याला बादलीत काहीतरी दिसलं. चामड्याच्या वेष्टनातलं पुस्तक. साधारण इसवी सन ८०० च्या आसपासचं, हाताने लिहिलेली स्तोत्रं. बाराशे वर्षं चिखलात. दलदलीत हवा पोचत नाही आणि पाणी आंबट, म्हणून कुजण्याचं काम मंदावतं. तरी पानांचं कातडं पुष्कळ ठिकाणी विरघळलं होतं, पण जिथे शाई लागली होती तिथलं कातडं शाईनेच टिकवलं, त्यामुळे काही अक्षरं पानापासून सुटून एकेकटी राहिली होती. वेष्टनाच्या आत पपायरसचं, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचं अस्तर निघालं, थेट इजिप्तकडची वस्तू आयर्लंडच्या चिखलात. ती सांगत होती, डॅनिश पोरगा ऐकत होता, पोलिश पोरगा ऐकत होता, आणि मी मधेच जोरात हसलो. तिला वाटलं मी अपमान करतोय. मग मी टिशू पेपरवर तिघांच्या तीन भाषांत लिहून दाखवलं की दलदलीत काय सापडलं, कोणाबद्दल होतं आणि कुठे सापडलं. तिन्ही ठिकाणी एकच शब्द, बोग, बोग, बोग. फक्त पोलिशवाल्याने त्यातल्या त्याच्या ओ वर एक छोटी तिरकी रेघ दिली, ती राहिली होती म्हणाला.

ते पुस्तक डब्लिनच्या म्युझियममध्ये आहे. मे महिन्यात ऑफिसचं काम आहे तिकडे, एक दिवस जोडून घेतलाय. फोटो काढू दिले तर पाठवतो, आणि तो तू खुशाल फॉरवर्ड कर.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा. कुटाचं विसरू नको.

तुझा,
बाळ्या