ताई, लंब रेषेतला तो वजा कुठून येतो ते दाखवल्याबद्दल थँक्यू

ताई,

तुला मेसेजच करणार होते, पण दोन ओळीत मावेना म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, रेषांच्या समीकरणात अडकलेली मंडळी काही कमी नाहीत, त्यांच्याही कामी येईल.

समांतर रेषांचं मला कधी अवघड वाटलं नव्हतं, स्लोप (म्हणजे उजवीकडे एक घर गेलं की रेषा किती घरं वर चढते) सारखा, विषय संपला. डोक्यात जायचे ते लंब. दोन स्लोपचा गुणाकार म्हणे वजा एक. का वजा एक? वजा दोन का नाही? विचारलं की सगळ्यांचं ठरलेलं उत्तर, पाठ कर, मार्क मिळतात. तू तर उत्तर दिलंच नाहीस, ग्राफ पेपर पुढे केलास आणि उजवीकडे ४ घरं, वर ३ घरं असा काटकोन त्रिकोण काढायला लावलास, मग म्हणालीस आता हा अख्खा त्रिकोण पाव फेरी फिरव, घड्याळाच्या उलट. फिरवला तर आडवी ४ ची बाजू उभी झाली आणि उभी ३ ची आडवी, तीही डावीकडे! म्हणजे स्लोप ३/४ होता तो -४/३ झाला. अपूर्णांक उलटा का होतो आणि वजा का लागतो, दोन्ही एका फिरवण्यात दिसलं. मग गुणाकार -१ येणारच, जातो कुठे.

उभ्या रेषेचं पण तसंच. आडवी रेषा फिरवली की खाली भागायला शून्य येतं, म्हणून उभीला स्लोपच नाही आणि तिथे -१ चा नियम लावत बसायचं नाही. एक्स = ५ आणि वाय = २ लंब आहेत हे नुसतं बघून कळतं की.

आणि हो, समीकरण लिहायची तुझी पद्धत. बिंदू हातात असताना सगळे वाय = एम एक्स + सी (एम म्हणजे स्लोप, सी म्हणजे रेषा वाय अक्षाला जिथे छेदते तो आकडा) घेऊन सी शोधत का बसतात देव जाणे. (२, -१) मधून जाणारी आणि ३ एक्स - ४ वाय = ८ ला लंब रेषा हवी, तर दिलेल्या रेषेचा स्लोप ३/४, म्हणून लंबाचा -४/३, सरळ वाय + १ = -४/३ (एक्स - २), आवरलं की ४ एक्स + ३ वाय = ५. तू तर त्याहून आळशी, एक्स आणि वायच्या मागचे आकडे अदलाबदल करायचे, एकाचं चिन्ह बदलायचं, ४ एक्स + ३ वाय = काहीतरी, बिंदू घातला की ८ - ३, म्हणजे ५. समांतर हवी तर आकडे जागेवरच, ३ एक्स - ४ वाय, बिंदू घालून ६ + ४ = १०. इथे १० च्या जागी परत ८ च आला असता तर ती समांतर नाही, तीच रेषा, कारण बिंदूच तिच्यावर बसलेला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मोबाईलवर ग्राफ काढला तर लंब रेषा काटकोनात दिसायच्याच नाहीत, दोन्ही अक्षांची स्केल वेगळी होती एवढंच, तू म्हणाली होतीस की डोळ्यावर नको जाऊस, गुणाकार कर, ते बरं लक्षात राहिलं.

बाय द वे, तू न सांगता एक करून पाहिलं. त्या दोन लंब रेषा जिथे छेदतात तो बिंदू काढला, (१.७६, -०.६८) आला, तिथपासून (२, -१) पर्यंतचं अंतर ०.४. मग बिंदूपासून रेषेपर्यंतच्या अंतराच्या सूत्रात घातलं, |६ + ४ - ८| भागिले √(३² + ४²), म्हणजे भागिले ५, तेही ०.४! त्या सूत्रात खाली वर्गमूळ का असतं ते आता थोडं थोडं दिसतंय, तो ५ म्हणजे आपल्या ३-४ च्या त्रिकोणाचा कर्णच ना? बरोबर असेल तर सांग, आणि पुढचं कधी घेतेस तेही सांग. खूप खूप थँक्यू गं.