केबल सोडण्याआधी

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांपूर्वी गिटारसाठी वायरलेस संच (केबलऐवजी रेडिओ लहरींनी आवाज अ‍ॅम्पपर्यंत, म्हणजे गिटारच्या ध्वनिवर्धकापर्यंत, नेणारा) घ्यायचाच, हे तुझे ठरलेले दिसते. कोणता घ्यावा एवढेच तू मला विचारले आहेस. जाहिरातीत पल्ला वीस मीटर की तीस मीटर लिहिला आहे, यावर तुझे लक्ष फार आहे आणि माझ्या मते तिथेच गफलत होते आहे. मंडळाच्या मांडवातील स्टेज रुंदीला जेमतेम आठ-दहा मीटर असते; तेवढे अंतर सगळेच संच मोकळ्या मैदानात सहज कापतात. अडचण अंतराची नसते, गर्दीची असते.

मागच्या वर्षी माझे काय झाले ते ऐक. दुपारी चार वाजता साउंडचेक झाला तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या होत्या आणि गिटारचा आवाज काचेसारखा स्वच्छ होता. रात्री नऊला मांडव भरला आणि दुसऱ्याच गाण्याच्या लीडमध्ये आवाज तुकड्यातुकड्याने तुटू लागला. जुन्या अ‍ॅनालॉग संचात आधी खरखर येते आणि माणूस सावध होतो. डिजिटल संच मात्र शेवटच्या क्षणापर्यंत उत्तम वाजतो आणि मग एकदम मुका होतो. आपले स्वस्त आणि मध्यम किमतीचे बहुतेक डिजिटल संच रेडिओ लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, कारण तिथे परवाना लागत नाही; आणि नेमक्या त्याच कारणाने वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच असतात. प्रत्येक प्रेक्षकाच्या खिशातला फोन त्या पट्ट्यात थोडीथोडी कुजबुज करत असतो. त्या रात्रीचा खरा गुन्हेगार मात्र दुसऱ्या दिवशी सापडला: साउंडवाल्यांनी टॅबलेटवरून मिक्सर चालवण्यासाठी ठेवलेला वायफाय राउटर माझ्या रिसीव्हरपासून, म्हणजे गिटारवरच्या ट्रान्समीटरने पाठवलेला आवाज पकडणाऱ्या डबीपासून, हातभर अंतरावर होता. त्यांना विनंती करून तो ५ गिगाहर्ट्झवर नेला आणि रिसीव्हर जमिनीवरच्या पेडलबोर्डवरून, म्हणजे पायाने दाबायच्या पेडलांच्या फळीवरून, उचलून अ‍ॅम्पच्या डोक्यावर, छातीच्या उंचीला ठेवला. त्यानंतरचे चारही कार्यक्रम बिनतक्रार पार पडले. या लहरींची लांबी साडेबारा सेंटीमीटरच असते आणि माणसाचे शरीर, त्यातील पाण्यामुळे, त्यांना चांगलेच अडवते. म्हणून ट्रान्समीटर कमरेला मागे लावून तू रिसीव्हरकडे तोंड करून उभा राहिलास, तर मध्ये तूच भिंत होतोस.

तुझा अमेरिकेतला चुलतभाऊ जुना यूएचएफ (टीव्हीच्या लहरींच्या पट्ट्यातला) संच फुकट देतो आहे असे लिहिले आहेस. प्रेमाने नाही म्हण. तिकडे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा जून २०१० मध्ये आणि ६०० मेगाहर्ट्झचा बराचसा भाग जुलै २०२० मध्ये अशा संचांना बंद झाला. म्हणूनच तिथे ते माळ्यावर धूळ खात पडले आहेत. इकडे ७०० मध्ये मोबाइलची सेवा चालते, आणि यूएचएफ म्हटले की परवान्याचा प्रश्नही मागोमाग येतोच.

आता नादाबद्दल, कारण तुझा कान मला ठाऊक आहे. तार छेडल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत वायरलेसमुळे होणाऱ्या उशिराची भीती सोडून दे. बॉस कंपनी आपल्या डब्ल्यूएल-२० या संचाचा उशीर २.३ मिलिसेकंद सांगते, आणि आवाज हवेतून एक मीटर जायलाच जवळपास तीन मिलिसेकंद घेतो. अ‍ॅम्पपासून एक पाऊल मागे सरकल्याइतकाच तो फरक. खरा फरक वेगळ्या ठिकाणी पडतो. लांब केबलची धारकता (विद्युतभार साठवण्याचा गुण) पिकअपच्या, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या भागाच्या, वरच्या स्वरांची धार थोडी बोथट करते आणि आपण वर्षानुवर्षे त्या बोथटपणालाच आपला टोन समजत आलो आहोत. केबल गेली की आवाज अचानक टोकदार वाटतो. म्हणून काही संचांत केबलचा हा परिणाम मुद्दाम मिसळलेला असतो. डब्ल्यूएल-२० मध्ये तो आहे, त्याच्याच डब्ल्यूएल-२०एल या भावंडात नाही. तुझे जुन्या घडणीचे जर्मेनियम फझ (आवाज मुद्दाम फाटका करणारे पेडल) मात्र रुसणार. त्याला पिकअप थेट जोडलेला लागतो. मध्ये वायरलेस आला की ते कर्कश होते आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून येणारी ती मऊ स्वच्छता हरवते. त्यावर मला समाधानकारक उपाय सापडलेला नाही. फझ लागणाऱ्या दोन गाण्यांना मी सरळ केबल लावतो.

तू गातोसही, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. पावसाळी मांडवात अर्थिंगचा भरवसा नसतो. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पमध्ये दोष असेल आणि ओठ माइकला लागले, तर प्रवाह अंगातून वाट काढतो. डिसेंबर १९७६ मध्ये फ्लोरिडातील लेकलँड येथे किस या रॉक बँडच्या गिटारवादक एस फ्रेलीला स्टेजवर असाच जबर झटका बसला आणि त्यानंतर तो केन शॅफरच्या वायरलेस संचाकडे वळला. एसी/डीसी बँडचा गिटारवादक अँगस यंगही तोच वापरी. पण त्याला त्याचा नादच इतका आवडला, की स्टुडिओतही त्याने तो सोडला नाही. वायरलेसने तुझ्यापुरती ती वाट तुटते, तरीही अ‍ॅम्पचा प्लग लावण्याआधी टेस्टर फिरवायला विसरू नकोस, कारण अ‍ॅम्पची बटणे तू हातानेच फिरवणार आहेस.

तेव्हा माझे मत असे: दोन्ही टोकांना खुंटीसारखे खोचायचे जोडसंच घरी सरावाला ठीक आहेत, पण तुझ्यासाठी रिसीव्हर वेगळा उचलून ठेवता येईल असाच संच घे. तुझ्या स्ट्रॅट गिटारचा जॅक (केबल खोचायचे भोक) खोलगट आहे, तेव्हा ट्रान्समीटरचा प्लग त्यात पूर्ण बसतो का, ते दुकानात गिटार नेऊनच पाहा. बॅटरी मध्यंतरात चार्जिंगला लावायची सवय ठेव आणि सहा मीटरची एक चांगली केबल अ‍ॅम्पच्या मागे गुंडाळून तयार ठेव. ती जोडायला मला त्या रात्री अर्धा अंतरा लागला होता.

पुढच्या शनिवारी मी नाशिकला येतो आहे. माझा संच सोबत आणतो. तुमच्या मंडळाच्या स्टेजवर, संध्याकाळी आरतीला गर्दी जमते त्या वेळी, तासभर वाजवून पाहू. साउंडवाल्यांचा राउटर कुठे असतो, तेवढे आधी विचारून ठेव.

तुझा,
गिटारवाला मित्र