शनिवारची सकाळ कयानीत: नावं कळवा

सभासद मंडळी, नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी 8 वाजता धोबी तलावच्या कयानी अँड कंपनीत न्याहारीला जमायचं आहे. मेट्रो सिनेमासमोर, जेर महल इमारतीत. मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत या, गाडी आणू नका, पार्किंगपायी अर्धी सकाळ जाईल.

1904 सालचं हे इराणी हॉटेल. एकाच टेबलावर पारशी अकुरी (मसालेदार अंडा भुर्जी), खिमा-पाव, इंग्रजी थाटाचं कस्टर्ड आणि बेकरीतली खारी असं सगळं येतं, म्हणूनच मला ते इतकं आवडतं. शाकाहारी मंडळींनी बन-मस्का घ्यावा. पावाचा तुकडा गरम चहात बुडवला की वर लोण्याचे पिवळे ठिपके तरंगतात. तो घोट सोडू नका. मावा केकमध्ये अंडं असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

ज्यांना जिने, गर्दी झेपत नाही त्यांच्यासाठी पार्सल नक्की आणू. आपले ज्येष्ठ सभासद यातून सुटता कामा नयेत. खिम्यासाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आदल्या रात्री माझ्याकडे द्या. पाव वेगळा कागदातच आणू, एकत्र बांधला की घरी पोचेपर्यंत लगदा होतो. खारीची पिशवी सगळ्यात वर ठेवायची, नाहीतर नुसता चुरा.

एकाच टेबलाचा हट्ट नको, चार-चार जण बसू. खाणं झालं की लगेच उठायचं, दारात लोक ताटकळत असतात. सुटे पैसे जवळ असू द्या.

नावं आणि पार्सलची यादी गुरुवारी रात्री 9 पर्यंत इथेच लिहा.