कॅडो लुप्त झाले नव्हते

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकेच्या कॅडो या मूळनिवासी लोकांवरील लेख वाचला. विषय स्वागतार्ह, पण त्यांना ‘लुप्त संस्कृतीचे वारस’ म्हटले आहे, ते खटकले. कॅडो लुप्त झाले नव्हते, त्यांना हुसकावले होते. १८३५च्या करारात लुइझियानातली जमीन गेली, १८५९मध्ये टेक्सासही सोडावे लागले. आज ‘कॅडो नेशन’ या त्यांच्या अधिकृत जमात-शासनाचे मुख्यालय ओक्लाहोमातील बिंगर गावी आहे. गंमत म्हणजे ‘टेक्सास’ हे नाव ‘मित्र’ या अर्थाच्या कॅडो शब्दावरूनच पडले!

टेक्सासमध्येच अल्टो गावाजवळ ‘कॅडो माउंड्स’ हे ऐतिहासिक स्थळ आहे. पूर्वजांनी रचलेले मातीचे तीन उंचवटे तिथे आजही दिसतात. शेजारी वासे गोलाकार रोवून, शेंड्याला एकत्र बांधून, वरून गवताने शाकारलेले पारंपरिक घर होते. १३ एप्रिल २०१९ रोजी कॅडो संस्कृती दिनाचा कार्यक्रम चालू असतानाच टोर्नेडोने ते जमीनदोस्त केले. माणसेही जखमी झाली. पुढे कॅडो जाणकारांच्या मार्गदर्शनाखाली, स्वयंसेवकांच्या मदतीने ते नव्याने उभारले गेले. आपल्या लेखात मात्र ‘एक प्रतिकृती’ एवढ्यावरच ते उरकले आहे.

– एक वाचक, सातारा